सुब्हियानं साफ केलेले तीन मासे

लेबनॉनातल्या अल-मीना बंदराच्या मासळीबाजारात लिलावाच्या ओट्याला लागून एक दगडी मोरी आहे. त्या मोरीवर सुब्हियानं एकतीस वर्षं मासे साफ केले. नवरा लवकर गेला, दोन मुलं वाढवायची होती, आणि हातात सुरी धरण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. ते मात्र असं येत होतं की शेजारच्या त्रिपोली शहरातल्या बायका मोटारीनं यायच्या, दारातल्या चार सुरीवाल्यांना ओलांडून थेट तिच्यापुढे पिशवी ठेवायच्या. थोरला मुलगा मुंझिर स्वीडनला गेला, मुलगी अक्कारला दिली, तरी बंदरातले सगळे तिला उम्म मुंझिर, मुंझिरची आई, म्हणूनच हाक मारत.

तिला एक खोड होती. मासा चिरला की आतडी फेकण्याआधी ती पोटाची पिशवी बोटानं उघडून बघायची. यानं काय खाल्लं, कुठे चरला, दगडात की वाळूत, हे तिला बघितल्याशिवाय राहवत नसे. शेजारचे हसायचे. "उम्म मुंझिर, त्याचं जेवण झालं होतं की नाही, याची चौकशी चाललीय का?" ती म्हणायची, "माणसाला विचारलं तर तो मोठेपणा सांगतो. माशाचं पोट खोटं बोलत नाही."

याच खोडीमुळे डॉक्टर मिर्ना तिच्यापर्यंत पोचली.

मिर्ना बैरूतहून आली होती. चाळिशीची, आखूड केसांची, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारी. सुएझच्या कालव्यातून तांबड्या समुद्रातले मासे आपल्या किनाऱ्याला येतात, ही गोष्ट अल-मीनात कुणाला नवी नव्हती. आम्ही ज्याच्यावर ताव मारतो तो मल्लीफा मासासुद्धा आजोबांच्या काळी परकाच होता. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आलेले दोन पाहुणे वेगळे होते. एक सिंहमासा, पिसारा फुलवून खडकात बसणारा, काटा लागला तर हात कोपरापर्यंत सुजवणारा. दुसरा नफीखा. पाठ करडी, तिच्यावर काळे ठिपके, कुशीला रुपेरी पट्टा, पोट पांढरं. हात लावला की फुग्यासारखा फुगतो, आणि चार दातांनी गळ, दोरी, जाळं, जे सापडेल ते कातरतो. या दोघांपासून किनाऱ्याला धोका किती, हे मिर्नाला ठरवायचं होतं. सरकारकडे तसा अहवाल जायचा होता.

त्यासाठी तिच्याजवळ एक लांबलचक तक्ता होता. प्रत्येक माशासाठी चाळीसेक प्रश्न. लवकर वाढतो का? त्याला कोण खातं? तो कुणाला खातो? थंडी सोसतो का? आणि प्रत्येक उत्तरापुढे आणखी एक रकाना: खात्री किती? पुरी, मध्यम की थोडी.

सुब्हियाला हा दुसरा रकाना फार आवडला. "हे बरं आहे," ती म्हणाली. "आमच्या बाजारात उत्तर सगळ्यांकडे असतं. खात्री किती, हे कुणी विचारतच नाही."

तीन महिने, दर मंगळवारी, मिर्ना मोरीपाशी उलटा खोका टाकून बसायची. सुब्हियाला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. सुब्हिया सिंहमाशाचे काटे कात्रीनं उडवून पोट उघडायची आणि सांगत जायची. "कोळंबी. परत कोळंबी. हे बघ, सुलतान इब्राहिम माशाचं पिल्लू, अजून लाल रंगसुद्धा चढला नव्हता बिचाऱ्याला." नफीख्याच्या पोटात माकूळ निघायचा, खेकड्याच्या नांग्या निघायच्या, आणि एकदा तर गळच गळ निघाले. पाच.

"यातला एक माझा आहे," मागून एक होडीवाला म्हणाला.

"मग घेऊन जा. तोही म्हणत असेल, मालक आला!" सुब्हिया म्हणाली, आणि सगळी मोरी हसली.

असंच हसत-खेळत ते काम चाललं होतं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मिर्ना नफीख्याच्या तक्त्यात शेवटाकडच्या एका प्रश्नाशी आली.

"खाला, या किनाऱ्यावर हा मासा खाऊन कुणाला बाधा झाली आहे का? मेलं आहे का कुणी? दक्षिणेकडचं मला माहीत आहे. इथलं विचारतेय."

"नाही," सुब्हिया म्हणाली.

"खात्री?"

"पुरी."

मिर्नानं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. सुब्हियानंही पुढचा मासा हातात घेतला. पण त्या दिवशी तिनं त्याच्या पोटात काय आहे ते बघितलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, वरच्या मजल्यावरचा फव्वाझ शुक्रवारी सकाळी समुद्राकाठच्या खडकांवर गळ टाकून बसला होता. फव्वाझ टॅक्सी चालवायचा. त्याची बायको इन्आम ही सुब्हियाची जिवाभावाची मैत्रीण; दोघींची मुलं एकमेकींच्या घरात जेवून वाढलेली. त्या दिवशी फव्वाझ तीन मोठे, गुळगुळीत, कधी न बघितलेले मासे घेऊन मोरीवर आला.

"उम्म मुंझिर, बघ, पाहुणे आलेत."

"खवलं कशी नाहीत याला?"

"तुझे कष्ट वाचावेत म्हणून."

सुब्हियानं कातडं सोललं. आत पांढरंशुभ्र मांस, आणि दोघांत भरगच्च गाबोळी. फव्वाझला तळलेली गाबोळी म्हणजे जीव की प्राण, हे तिला ठाऊक होतं. तिनं ती न फोडता, हळुवार हातानं बाजूला काढली. काळीजही काढून दिलं. वेगळ्या पानात बांधून म्हणाली, "हे आधी खा, गरम गरम." त्यानं एक मासा तिलाच ठेवून दिला.

दुपारी तिनं त्यातला शेपटीकडचा तुकडा खाल्ला. ओठांना जराशा मुंग्या आल्या. मिरची तिखट असेल, असं तिला वाटलं. मुलं त्या दिवशी मामाकडे गेली होती, हे नशीब. दुपार कलताना असरची बांग होते न होते तोच वरून इन्आमची किंकाळी आली. दवाखान्यात नेईपर्यंत फव्वाझ संपला होता. डॉक्टरांनी लिहिलं, हृदयविकार. बावन्न वर्षांचा माणूस, दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढणारा; कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

चार महिन्यांनी बंदराच्या फाटकावर चित्र लागलं. करडी पाठ, काळे ठिपके, रुपेरी पट्टा. खाली लिहिलं होतं: गाबोळी, काळीज आणि कातड्यात सगळ्यात जास्त विष, शिजवून, तळून जात नाही, उतारा नाही. सुब्हिया वाणसामानाची पिशवी हातात धरून त्या चित्रापुढे उभी राहिली. किती वेळ उभी होती ते तिला कधीच आठवलं नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, नवऱ्यामागे पाळायचा इन्आमचा इद्दतचा काळ संपू दे. मग तिच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा कशाला? मग नातू झाला. दिवस पुढे गेले की न सांगितलेली गोष्ट जड होत जाते, आणि जड झाली की उचलणं अवघड. शिवाय बाजाराचीही भीती होती. ते चित्र लागल्यावर दोन महिने लोकांनी चांगला मासासुद्धा घेतला नव्हता. लिलाव पुकारणारा अबू शवकत तेव्हा रोज सकाळी रिकाम्या ओट्याकडे बघून देवाचं नाव घ्यायचा.

तोच अबू शवकत आता, मिर्नाच्या फेऱ्या वाढल्यावर, मोरीपाशी येऊन उभा राहिला. "उम्म मुंझिर, कोळंबी-बिळंबी सांगतेस ते सांग. पण विष, मरण, असले शब्द काढू नकोस. या बाजाराला ते परवडायचे नाहीत. एकदा शब्द चिकटला की साबणानं निघत नाही. आमच्या होड्या काय खडकावर लावू?"

"मी काय म्हटलंय?"

"काही नाही म्हटलंस. तेच चांगलं आहे, असं सांगायला आलो."

आपण गप्प होतो, खोटं कधी बोललो नाही, या एका वाक्यावर सुब्हियानं चौदा वर्षं काढली होती. त्या मंगळवारी ते वाक्यही गेलं. आता खोटं बोलून झालं होतं, आणि ते कागदावर होतं, पुढे 'पुरी' असं लिहून.

जूनमध्ये मिर्ना म्हणाली, "खाला, सिंहमाशाचा धोका वरच्या पायरीवर निघाला. नफीखा मात्र मधल्या पायरीवर येतोय. जाळी फाडतो, माकूळ संपवतो, हे खरं. पण माणसाला अपाय झाल्याचा इथला पुरावा नाही. वरच्या लोकांना लांबची उदाहरणं चालत नाहीत. तुमच्याकडे काय झालं, तेवढंच विचारतात."

त्याच आठवड्यात सुब्हियानं आणखी एक गोष्ट बघितली. धक्क्यावर टाकून दिलेल्या मासळीच्या ढिगातून एक बाई मासे वेचत होती. हल्ली असं वेचणारे वाढले होते. लेबनॉनात मांस घेण्याची ऐपत कितीजणांची उरली होती? तिच्या पिशवीत डोकं उडवलेला, कातडं सोललेला लांबट मासा होता.

"बाई, हा कुठला?"

"कुणीतरी साफ करून टाकला होता. कोंबडीसारखा लागतो म्हणे."

सुब्हियानं तिच्या हातातून पिशवी ओढली. बाईनं शिव्या घातल्या. सुब्हियानं स्वतःच्या घरासाठी ठेवलेले चार मल्लीफा तिच्या पिशवीत घातले, तो मासा घेतला, आणि मोरीवर येऊन बसली. आपल्यासारख्याच कुणी स्वच्छ हातानं तो सोलला होता. मांस पांढरंशुभ्र होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली. इन्आम गच्चीत मुलुखियाची भाजी निवडत बसली होती, पानांचा हिरवा ढीग पुढ्यात. सुब्हिया समोर बसली, एक जुडी ओढून पानं खुडू लागली.

"आज बाजार नाही?" इन्आमनं विचारलं.

"आहे. मी नाही गेले."

"बरं नाही का?"

"इन्आम, फव्वाझ हृदयानं गेला नाही."

इन्आमचे हात थांबले. सुब्हियानं सगळं सांगितलं. तीन मासे, गाबोळी, वेगळं पान, ओठांना आलेल्या मुंग्या, फाटकावरचं चित्र, आणि मिर्नाला दिलेलं खोटं उत्तर, जे ती येत्या मंगळवारी बाजारात खोडायला सांगणार होती. सांगताना तिनं मान वर केली नाही. एकामागून एक पानं खुडत राहिली, देठसुद्धा ढिगात टाकत राहिली.

इन्आमनं ढिगातून एक देठ वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी का जेवले नव्हते, माहीत आहे तुला?"

"तू म्हणाली होतीस, भूक नव्हती."

"भांडण झालं होतं आमचं. त्याला भावाकडे ब्राझीलला जायचं होतं, सगळ्यांना घेऊन. मी म्हटलं, जा, एकटाच जा. ताट त्याच्यापुढे आदळलं आणि आत जाऊन दार लावलं. बाहेर आले तेव्हा तो खाली पडलेला. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होता." तिनं ओढणीच्या टोकानं हात पुसले, पुसतच राहिली. "चौदा वर्षं मला वाटतंय की मी बोलले म्हणून त्याचं हृदय फुटलं. नमाजाला बसले की तेच. एकटाच जा. तू रोज माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलीस, सुब्हिया."

"मला हे माहीत नव्हतं."

"तू सांगितलं असतंस तर मीही सांगितलं असतं." तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "मासा त्यानं आणला. तू साफ केलास. तुला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. त्यासाठी मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण ही चौदा वर्षं तू माझ्याकडून घेतलीस. जा आता."

सुब्हिया खाली आली. मंगळवारपर्यंत वरच्या मजल्यावरून तिच्याकडे कुणी आलं नाही.

मंगळवारी तिनं मिर्नाला सांगितलं, "ते उत्तर खोड. मी खोटं बोलले." आणि पुन्हा सगळं सांगितलं, भर बाजारात, अबू शवकतनं हातातली घंटा खाली ठेवली तरी न थांबता. मिर्ना लिहीत होती. एवढ्यात लोक बाजूला झाले. इन्आम आली होती, काळा झगा, काळी ओढणी, जशी ती कधी मासळीबाजारात येत नसे. तिनं एक खोका उलटा केला आणि मिर्नापुढे बसली.

"हिनं बाहेरचं सांगितलं. आतलं मी सांगते. मी दाराआड होते, पण ऐकू येत होतं. तो आधी हसला. म्हणाला, ओठ झोपले गं माझे. मग म्हणाला, कप धरता येत नाही. मला वाटलं, मनवायला नाटकं करतोय. मग पडल्याचा आवाज आला." ती थांबली. "डॉक्टर, तो माझ्याकडे बघत होता. रागानं. एक शब्द बोलला नाही."

मिर्नानं पेन खाली ठेवलं. "बोलता येत नव्हतं त्यांना. या विषानं एकेक करून सगळं थांबतं, बोटं, पाय, जीभ. शेवटी श्वास. मन मात्र जागं असतं."

"म्हणजे तो रागानं बघत नव्हता?"

"त्यांच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही. पण चेहऱ्यावर राग आणायलासुद्धा स्नायू हलावे लागतात. त्यांना पापणीही हलवता येत नव्हती."

"खात्री किती?" हे इन्आमनं नव्हे, सुब्हियानं विचारलं.

"याची पुरी."

इन्आमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बर्फ वितळून मोरीत ठिबकत होता, तेवढाच आवाज.

इतकं झाल्यावर मिर्नानं तक्त्यात लिहिलं: एक मृत्यू, संभाव्य, खात्री मध्यम. सुब्हियानं ते वाचून घेतलं आणि तिचा पारा चढला. "चौदा वर्षांनी तोंड उघडलं, मैत्रीण घालवली, आणि तू मध्यम लिहितेस?"

"खाला, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तपासणी झाली नव्हती, मासा कुणी ठेवला नव्हता. मला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. किती सिद्ध होतं, तेवढंच लिहिते. मी जरा जास्त लिहिलं, तर उद्या तुमचं खरंही कुणी मानणार नाही."

सुब्हियाचा राग लगेच गेला नाही, पण बोलणं पटलं.

नंतर जे झालं ते तिनं योजलेलं नव्हतं. बातमी किनाऱ्यानं पसरली, आणि लोक आपणहून मिर्नाला निरोप पाठवू लागले. अब्दे गावचा एक म्हातारा, कलमूनच्या दोन बहिणी, एक शाळामास्तर. कुणाचा भाऊ, कुणाची सून. कुणाला हृदयविकार लिहिलेला, कुणाला शिळं अन्न. काहीजण वाचले होते, त्यांच्या तोंडी तोच शब्द होता, ओठ झोपले. अशा सात हकीकती जमल्या. सातांतली एकही पक्की नव्हती, पण सगळ्या एकमेकींशी जुळत होत्या. नफीखा सगळ्यात वरच्या पायरीवर गेला.

किंमत सुब्हियानं मोजली. त्या उन्हाळ्यात बाजार खरोखरच बसला. होडीवाले तिच्या मोरीकडे गिऱ्हाईक जाऊ देईनात. कुणी म्हणे, हिच्या हाताला विष आहे. ऑक्टोबरपर्यंत ती रोज सकाळी येऊन सुरीला धार लावायची आणि बसून राहायची. मुंझिर फोनवर म्हणायचा, "यम्मा, इकडे निघून ये." ती म्हणायची, "तिथे मोरी कुठे आहे?"

मग अबू शवकतनंच वाट काढली. प्रेमापोटी नव्हे, ओटा रिकामा राहू लागला म्हणून. त्यानं लिलावाआधी घंटा वाजवून सांगितलं: आजपासून या बाजारात डोकं छाटलेला किंवा सोललेला मासा उतरणार नाही. ज्याला सोलायचा असेल त्यानं गिऱ्हाइकासमोर सोलावा. लोकांना ते पटलं, हळूहळू परत येऊ लागले. सुब्हियाकडे येऊन तो एवढंच म्हणाला, "शब्द चिकटला खरा. पण मी समजलो होतो तसा नाही."

इन्आम बोलते. जिन्यात भेटली की तब्येत विचारते, ईदला ताट पाठवते. पण मासे आता ती स्वतःच साफ करते, वर गच्चीत, वेडेवाकडे, काटे ठेवून. सुब्हियाला खालून खवल्यांचा आवाज येतो. ती वर जात नाही.

डिसेंबरात मिर्ना तिला अब्देला घेऊन गेली. तिथल्या शाळेच्या खोलीत तीसेक बायका जमल्या होत्या, काही कडेवर मूल घेऊन. निघायच्या आदल्या दिवशी इन्आम जिन्यात थांबून म्हणाली होती, "तिथे सांगशील ना?"

"तुझी हरकत असेल तर नाही सांगत."

"सांग. पण नाव घेऊन सांग. 'एक माणूस होता' असं म्हणू नकोस."

सुब्हियानं हातमोजे घालून टेबलावर दोन तुकडे ठेवले, दोन्ही सोललेले, दोन्ही पांढरे. एक नफीख्याचा, एक साध्या माशाचा. बायकांना म्हणाली, ओळखा. त्यांनी वाकून बघितलं, लांबून वास घेतला, आपसात वाद घातला. निम्म्या एकीकडे, निम्म्या दुसरीकडे.

"मलाही ओळखता येत नाही," सुब्हिया म्हणाली. "एकतीस वर्षं मासे साफ करतेय. म्हणून सांगते, डोकं नसलेला मासा फुकट मिळाला तरी घेऊ नका."

मागच्या रांगेतली एक तरुण बाई, मांडीवर तान्हं मूल, म्हणाली, "खाला, घरात दुसरं काहीच नसेल तर?"

खोलीत कुणी तिला गप्प केलं नाही. कुणी हसलंही नाही. सुब्हियानं हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून बसली.

"आमच्या वर फव्वाझ राहायचा," तिनं सांगायला सुरुवात केली. "टॅक्सी चालवायचा. त्याला तळलेली गाबोळी फार आवडायची."